बिनसुईचा आत कसा शिरला?

१

थाळीवर सहाशे चार ठिपके होते. असायला हवे होते पाच. फार तर सात.

डॉक्टरांनी ते आधी एकट्याने मोजले, मग प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना बोलावून पुन्हा मोजले. झाकणाच्या काचेवर शाईच्या खुणा करत दोघे शेवटच्या ठिपक्यापर्यंत आले, तेव्हा सरांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

संस्था आतड्याच्या रोगांवर काम करणारी. तिथल्या मुख्य आरोपीला, म्हणजे आतड्याच्या पेशींत शिरून ताप आणि जुलाब देणाऱ्या जंतूला, अंगावर सुया असतात. पेशीला चिकटला की तो सुई खुपसून आत आपली प्रथिनं सोडतो. त्यानंतर पेशी त्याचंच ऐकते आणि त्याला स्वतःहून आत ओढून घेते. इथे प्रबंधासाठी काम करणाऱ्या धाकटीने तीन वर्षं खपून या जंतूची सुई काढून टाकली होती आणि दाखवून दिलं होतं, की बिनसुईचा जंतू पेशीत शिरत नाही. त्या निष्कर्षाच्या भरवशावर याच बिनसुईच्या जंतूची, मुलांसाठी तोंडातून द्यायची लस तयार होणार होती. चाचणी सुरू करायला रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातून डॉक्टर आले होते. चाचणीआधी त्यांनी धाकटीचा प्रयोग स्वतःच्या हाताने करून पाहिला, आणि बिनसुईचे जंतू पेशींत शेकड्यांनी सापडले.

"एक तर जंतू खोटा, नाहीतर पोरगी," डॉक्टर म्हणाले.

सरांनी धाकटीसमोर टाइप केलेला कागद ठेवला. 'माझा निष्कर्ष चुकीचा असून तो मी मागे घेत आहे.' खाली सहीपुरती जागा. समितीची बैठक गुरुवारी चारला. सही झाली की प्रबंध संपला, आणि या प्रयोगशाळेतली तिची खुर्चीही.

धाकटीने कागद वाचला, पेन उचललं आणि परत ठेवलं.

"सर, आज मंगळवार आहे. गुरुवारपर्यंत थांबा. आणि बाईंना बोलवा."

सरांनी फोन जवळ ओढला. बाईंनी त्यांनाही शिकवलं होतं. त्यांच्यासमोर पाढे चुकण्याची भीती वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीही गेली नव्हती.

२

बाई अकराला आल्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत स्वतःचं भिंग.

"दुसऱ्याच्या भिंगातून मला दुसऱ्याचंच मत दिसतं," त्या म्हणाल्या आणि धाकटीच्या टेबलाशी बसल्या.

धाकटीशेजारी तिची सख्खी बहीण उभी होती. थोरली त्याच इमारतीत सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत काम करायची. त्यामुळेच दोघींची खरी नावं मागे पडून थोरली-धाकटी हीच नावं पडली होती.

"हिच्या शोधनिबंधातली चित्रं मी काढलीत," थोरली म्हणाली. "म्हणून डॉक्टर जिन्यात सांगत सुटलेत, बहिणी-बहिणींनी मिळून सगळं रचून काढलं म्हणे."

"काढलंत का?"

"बाई!"

"चिडू नकोस गं. विचारणं माझं काम. तू सांग, धाकटे, प्रयोग कसा करतेस? मला काहीच येत नाही असं समज."

धाकटी पहिल्यांदा जरा हसली. "पेशींवर जंतू सोडायचे. तासाभराने असं औषध घालायचं, जे बाहेरचे जंतू मारतं पण पेशीच्या आत जात नाही. मग पेशी फोडायच्या. जे आत लपले होते तेच जिवंत निघतात. ते थाळीवर वाढवून मोजायचे."

"आधी कुठला जंतू टाकतेस? सुईवाला की बिनसुईचा?"

"बिनसुईचा. नेहमीच. शांत माणूस आधी, भांडकुदळ शेवटी. तुम्हीच शिकवलंत."

"मी शिकवलेलं लोक पाळतात, हे ऐकून बरं वाटलं." बाईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या. "आईला सांगितलंस का हे सगळं?"

उत्तर थोरलीने दिलं. "आई रोज फोनवर विचारते, तुझ्या थाळ्यांचं काय झालं. ही सांगते, धुतल्या."

"एक शंका विचारू?" बाई म्हणाल्या. "तुला स्वतःला काय वाटतं?"

"बाई, डॉक्टरांच्या थाळ्या मी रात्रभर आठवत होते. ते ठिपके खरे आहेत." तिने आपली वही मिटली. "म्हणजे माझंच कुठेतरी चुकलंय."

३

डॉक्टर उंच, नीटनेटके, घाईचे. बाईंना बसायला खुर्ची त्यांनीच ओढून दिली.

"माझं तिच्याशी वैर नाही," ते म्हणाले. "पण ही लस माझ्या वॉर्डातल्या पोरांच्या पोटात जाणार. बिनसुईचा म्हणून दिलेला जंतू आत शिरला, तर त्यांच्या आयांना मी काय सांगू?"

"बरोबर आहे. पण आत शिरले ते बिनसुईचेच, हे कशावरून?"

डॉक्टर जणू याच प्रश्नाची वाट पाहत होते. "तिने त्याला ओळखीची खूण दिलीय. एक वेगळंच ठरावीक औषध असलं तरी तो मरत नाही, बाकी सगळे मरतात. मी मोजणीच्या थाळीत तेच औषध घालतो. माझ्या थाळीवर दुसरा कोणी उगवूच शकत नाही. शिवाय वीस ठिपक्यांची जनुकं तपासली. एकातही सुईचं जनुक नाही. बोला."

"वही बघू?"

वही सुवाच्य होती. चार प्रयोग. पहिला सहाशे चार, दुसरा पाचशे सत्तर, चौथा सहाशे एकोणचाळीस. तिसऱ्यावर आडवी रेघ मारलेली. बाईंनी भिंग रेघेवर धरलं. रेघेखाली लिहिलं होतं: सहा.

"हे का खोडलं?"

"तो प्रयोग बाद. त्या दिवशी सुईवाला जंतू बाटलीत वाढलाच नाही. तुलनेला सोबती नाही, तर आकड्याला काय अर्थ?"

"हं. आणि क्रम? आधी सुईवाला, मग बिनसुईचा. चारही वेळा हाच?"

"तिसरा सोडून. तेव्हा सुईवाला नव्हताच. तातडीच्या विभागात वीस वर्षं काढलीत, बाई. सगळ्यात गंभीर केस आधी. हाताला सवयच ती."

"ऑपरेशनच्या यादीत मात्र सडलेली जखम शेवटी ठेवता ना?"

"ते सर्जन लोक." डॉक्टर हसले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि हसू आवरलं. "तुम्हाला वाटतंय, मी एकाचा दुसऱ्यात मिसळला? पिपेट एकच वापरतो हे खरं. एकाच पिपेटने टाकलं की माप तंतोतंत सारखं पडतं. पण मध्ये ती दोनदा जंतुनाशकात बुडवतो, मग साध्या पाण्यात. आणि मिसळला असता, तरी माझ्या थाळीवर तो मेलाच असता. सहाशे ठिपके बिनसुईचेच आहेत. त्याला काय उत्तर?"

बाईंनी वही मिटून परत दिली. त्या उठल्या.

दाराशी त्यांनी मागे वळून विचारलं, "सुईवाल्याशिवाय सहा, आणि सुईवाला असला की सहाशे. डॉक्टर, पेशंटच्या बाबतीत असं दिसलं असतं, तर रेघ मारली असती का?"

४

दुपारी बाईंनी शीतपेटीतली बिनसुईच्या जंतूची मूळ नळी बाहेर काढायला लावली. सील जसंच्या तसं होतं. तपासणीत सुईचं जनुक सापडलं नाही. म्हणजे नळी कोणी बदलली नव्हती. धाकटीचा जंतू खरा होता. डॉक्टरांचे ठिपकेही खरेच होते.

"दोघंही खरं बोलताहेत," बाई सरांना म्हणाल्या.

"मग खोटं कोण बोलतंय?"

"चहा सांग. मी अण्णांकडे जाऊन येते."

अण्णा तळघरात बाटल्या धुवायचे, खाद्यद्रव्य शिजवायचे आणि सगळं वाफेच्या भट्टीतून काढून वर पाठवायचे. बाईंना बघून त्यांनी हात पुसले.

"काय अण्णा, अजून आहात?"

"तुम्ही गेलात, मीही गेलो असतो तर या लोकांनी बाटल्या चाटून स्वच्छ केल्या असत्या."

मागे फळीवर बाटल्यांची रांग होती. प्रत्येकीवर अण्णांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी. सा. पा. उ. पा. जं. ना.

"अण्णा, ही काय सांकेतिक भाषा?"

"सांकेतिक कसली! चिठ्ठी एवढीशी, माझं अक्षर एवढं मोठं. सा. पा. म्हणजे साधं पाणी. उ. पा. म्हणजे उकळलेलं पाणी. एकदा एका नव्या पोरीने उ. पा. वाचून उपासाचं पाणी म्हणून बाजूला ठेवलेलं."

"आणि हे जं. ना.?"

"भट्टीतून काढलेलं मिठाचं पाणी. 'जंतू नाहीत.' सगळ्यांना ठाऊक आहे."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"इथल्या सगळ्यांना. तुम्ही गेल्यापासून हीच चिठ्ठी आहे."

बाईंनी बाटली हातात घेतली. बूच काढून वास घेतला. काहीच वास नव्हता.

"आणि खरंखुरं जंतुनाशक?"

"ते कुलपात असतं. मागितल्याशिवाय देत नाही. धाकटी मागते, दर आठवड्याला."

"डॉक्टरांनी कधी मागितलं?"

अण्णांनी आठवून पाहिलं. "नाही. ते वरच्या फळीवरची बाटली स्वतःच घेऊन जातात. म्हटलं, मोठा माणूस, कशाला टोकायचं."

बाई तिथेच उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या. जं. ना. बाटली तीच, अक्षरं तीच. वर्षानुवर्षं इथे असलेला माणूस वाचणार 'जंतू नाहीत'. बाहेरून आलेला माणूस वाचणार 'जंतुनाशक'. ज्या पाण्यात जंतू नाहीत, त्या पाण्याने जंतू मरत मात्र नाहीत.

सुईवाला बिनसुईच्या भांड्यात कसा पोचला, हे आता कळलं होतं. पण डॉक्टरांचा प्रश्न तसाच उभा होता. तो पोचला तरी मोजला कसा जाणार? मोजले गेलेले सगळे तर बिनसुईचे होते.

५

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत अंधार आणि गारवा. थोरलीने पडद्यावर जिवंत पेशींची जुनी फीत लावली. करड्या, सपाट, ओट्यावर थापलेल्या पिठासारख्या पेशी. एका पेशीच्या कडेला काडीएवढा जंतू येऊन टेकला.

"बघा हं आता," थोरली म्हणाली. "सुई खुपसली."

काही क्षण काहीच झालं नाही. मग पेशीची शांत कड थरथरली, उसळली. लाटेवर लाट उठली आणि जंतूवर कोसळली.

"अंगात आल्यासारखं होतं तिच्या," थोरली म्हणाली. "तो काही तोडत-फोडत नाही. सुईतून निरोप पाठवतो, आणि पेशीचेच गवंडी पेशीच्याच विटांनी त्याच्यासाठी मांडव घालतात. तो आत गेला की मांडव उतरतो. कड पुन्हा सपाट, जणू काही झालंच नाही."

"परत दाखव."

तिने परत दाखवलं. बाई पडद्याजवळ गेल्या. त्या जंतूकडे बघत नव्हत्या. शेजारच्या धुळीच्या कणाकडे बघत होत्या. जंतूच्या बाजूला पडलेला एक निर्जीव कण लाटेबरोबर उचलला गेला आणि पेशीच्या पोटात दिसेनासा झाला.

"थोरले, तो कण कुठे गेला?"

"आत. लाट आली की आसपासचं सगळंच जातं. लाट काय ओळखपत्र बघते?"

मग दोघी एकदम एकमेकींकडे वळल्या.

"अगं बाई!" थोरली म्हणाली.

"दोघांना एका भांड्यात कधी ठेवलंय का तुम्ही?"

"नाही. कशाला ठेवू? आमच्याकडे लाल रंगाचा सुईवाला आहे, हिरवा बिनसुईचा आहे. पण वेगवेगळ्या भांड्यांत. मिसळले तर प्रयोगच बिघडला म्हणायचा."

"उद्या बिघडव," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी दोन्ही जंतू वाढायला ठेवले गेले. बुधवारी सकाळी बाईंनी डॉक्टरांनाच प्रयोगाच्या टेबलाशी बसवलं. "हात तुमचेच हवेत. माझे थरथरतात, आणि तिच्या हातांवर तुमचा विश्वास नाही."

भांड्यांवर नावांऐवजी बाईंनी आकडे घातले. पहिल्यात बिनसुईचा, कोऱ्या पिपेटने. दुसऱ्यात तोच, पण डॉक्टरांच्या पद्धतीने: आधी सुईवाला हाताळून, पिपेट फळीवरच्या जं. ना.मध्ये दोनदा बुडवून, मग साध्या पाण्यात. तिसऱ्यातही तसंच, फक्त बुडवायला अण्णांच्या कुलपातली बाटली. शेवटी बाई म्हणाल्या, "प्रत्येक भांड्यातलं दोन-दोन थाळ्यांवर घाला. एक तुमची औषधवाली. एक साधी."

"साधी कशाला? तिच्यावर कोणीही उगवेल."

"म्हणूनच."

डॉक्टरांचा हात थाळीवर थांबला. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग जं. ना.च्या बाटलीकडे. बाटली उचलून त्यांनी हळूच वास घेतला. बाटली खाली ठेवताना त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. नवी थाळी उघडून काम पुढे चालू ठेवलं.

६

गुरुवारी चारला समितीच्या खोलीत पाच जण बसले होते. सरांसमोर तो टाइप केलेला कागद होता. धाकटी टोकाच्या खुर्चीवर. थोरलीला आत बोलावलेलं नव्हतं, तरी ती पडद्याची तार जोडायच्या निमित्ताने आली होती, आणि तार काही केल्या जोडून होत नव्हती.

"आकडे मी वाचतो," डॉक्टर उठून म्हणाले. "मीच मोजलेत."

बाईंनी मान डोलावली.

"पहिलं भांडं. कोरी पिपेट. औषधाच्या थाळीवर पाच. साध्या थाळीवरही पाच." त्यांनी पान उलटलं. "तिसरं भांडं. खरं जंतुनाशक. सात आणि सात. दुसरं भांडं, माझ्या पद्धतीचं." त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "औषधाच्या थाळीवर सहाशे बारा. साध्या थाळीवर नऊशे चाळीस."

"मधले तीनशे अठ्ठावीस कोण?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"सुईवाले," बाई म्हणाल्या. "ते आधीच्या प्रयोगांतही तिथे होतेच. डॉक्टर ज्याला जंतुनाशक समजत होते ते नुसतं मिठाचं पाणी होतं. चिठ्ठीवरच्या दोन अक्षरांचे दोन अर्थ निघाले. पिपेटला चिकटून थोडे सुईवाले बिनसुईच्या भांड्यात उतरले. मोजणीच्या थाळीतल्या औषधाने ते मेले, म्हणून कोणाला दिसले नाहीत. साक्षीदार रोज मारला जात होता, आणि आपण म्हणत होतो, घटनास्थळी दुसरं कोणी नव्हतंच."

"पण मग बिनसुईचे सहाशे?"

"थोरले, तार जोडली गेली का?"

"गेली, बाई!"

पडदा उजळला. करडी पेशी. तिच्या कडेला एक लाल काडी आणि तिच्याभोवती हिरव्या काड्या, कितीतरी, नुसत्या पडून असलेल्या. लाल काडी टेकली. कड थरथरली, उसळली, लाट उठली. ती लाट लाल काडीवर कोसळली आणि तिच्यासोबत दोन, तीन, चार हिरव्या काड्या गिळून सपाट झाली. करड्या पेशीच्या आत एक लाल ठिपका आणि चार हिरवे ठिपके शांतपणे चमकू लागले.

अध्यक्ष पुढे झुकून बघत राहिले. मग ते म्हणाले, "पुन्हा लावा." थोरलीने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगायच्या आधीच लावलं.

"दार एकाने उघडून घेतलं," बाई म्हणाल्या, "आणि गर्दी आत गेली. बिनसुईच्याला दार उघडता येत नाही, हे धाकटीने आधीच सांगितलंय. उघड्या दारातून त्याला कोणीही नेऊ शकतं, हे मात्र आपल्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं."

डॉक्टर अजून उभेच होते. ते धाकटीकडे वळले.

"जिन्यात मी जे बोललो ते इथे, सगळ्यांसमोर मागे घेतो. तुमच्या बहिणीबद्दलही." मग ते समितीकडे वळले. "माझे चारही प्रयोग रद्द करावेत."

सरांनी समोरचा कागद उचलून डॉक्टरांपुढे सरकवला. "मग मजकूर तोच राहू द्या. फक्त सही तुमची."

कोणीतरी हसलं. डॉक्टरांनी खरोखरच खिशातून पेन काढलं.

"नको," धाकटी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती.

"त्यांचे आकडे रद्द करू नका. सहाशे चार खरे आहेत, पाचशे सत्तर खरे आहेत, खोडलेले सहाही खरे आहेत. ते आकडे नसते, तर ही लस आपण सरसकट दिली असती. ज्या मुलाच्या पोटात आधीच सुईवाला आहे, त्यालासुद्धा. आणि त्याच्या आतड्यात लाटा चालू असताना आपली लस त्यांच्यावर बसून पेशीत गेली असती." तिने डॉक्टरांकडे पाहिलं. "आधी मुलाची तपासणी, तो निरोगी असला तरच डोस. हा नियम तुमच्यामुळे मिळाला. तुमच्या वॉर्डासाठी."

डॉक्टर खाली बसले. पेन त्यांच्या हातातच राहिलं.

अध्यक्षांनी कागदपत्रं जुळवली. "म्हणजे तुमचा मूळ निष्कर्ष तसाच राहतो, असं लिहून घेऊ?"

"नाही," धाकटी म्हणाली. "तो मोठा झालाय. लिहून घ्या, मी सांगते."

आणि ती उठून पडद्यापाशी गेली. पहिलं वाक्य तिने सावकाश सांगितलं, कारण अध्यक्षांचा हात मागे पडत होता. दुसरं तेवढं सावकाश सांगितलं नाही. तिसऱ्याला सर स्वतः लिहायला लागले. दाराशी थोरलीने फोन लावला होता आणि ती हलक्या पण सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणत होती, "आई, नीट ऐक. तुझी धाकटी बोलतेय. नाही गं, फोनवर नाही. आत. सगळ्यांसमोर. सगळे लिहून घेतायत."